क्रोसाँमध्ये तिखट सारण : भरून भाजायचं की भाजून भरायचं? (रविवारी आठ माणसं येणार आहेत, मदत!)

ओलीचटणी
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. साधे क्रोसाँ (बटरच्या थरांचे, चंद्रकोरी फ्रेंच पाव) मी आतापर्यंत तीनदा केलेत. तिसऱ्या वेळचे तर चक्क कापल्यावर आत जाळी दिसली, म्हणून अंगात आलं आणि काल तिखट सारण भरून करायला घेतले. अर्ध्यांत पालक-पनीर, अर्ध्यांत मशरूम. निकाल असा : ट्रेमध्ये बटरचं तळं, तळ चिंब ओला, सारणाच्या भोवतालचं पीठ कच्चं आणि गचगचीत, वरून मात्र छान तांबूस. नवरा म्हणाला, 'चव चांगली आहे.' म्हणजे काय ते कळलं.

येत्या रविवारी सकाळी अकराला नणंदेकडचे सगळे येतायत, एकूण आठ जण. नाश्ता-जेवण एकत्रच करायचं ठरलंय. मी आधीच फोनवर क्रोसाँ असं बोलून बसलेय, आता पोह्यांवर उतरता येत नाही.

माझं प्रमाण : मैदा ५०० ग्रॅम, दूध १५० मिली, पाणी १२० मिली, साखर ५० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, पिठात मऊ बटर ४० ग्रॅम आणि घड्यांसाठी बटर २५० ग्रॅम. बटर पिठात गुंडाळून, लाटून तीन साध्या (तीन पदरी) घड्या घालते. ओटीजीत (छोट्या विजेच्या भट्टीत) एका वेळी सहाच मावतात. राहायला ठाण्यात.

कुठे चुकलं?

कल्याणलोकल
सोमवार, रात्री १०:२५

फोटो नाही? फोटो नाही तर क्रोसाँ झालेच नाहीत असं समजतो. (हलके घ्या.)

अर्धाकप
सोमवार, रात्री ११:०३

ओलीचटणी, प्रमाणात काही गडबड दिसत नाही. चार प्रश्न :
१. आकार दिल्यावर फुगायला कुठे ठेवलेस?
२. सारण भरलं तेव्हा गार होतं की कोमट?
३. एकात किती भरलंस? चमचे नको सांगूस, ग्रॅम सांग.
४. पालक पिळला होतास का?

ओलीचटणी
सोमवार, रात्री ११:१०

१. ओटीजीत, दिवा लावून, सोबत गरम पाण्याची वाटी. पावाला नेहमी तसंच करते.
२. अं... कोमट.
३. मोजलं नाही. दोन मोठे चमचे असेल. बरं, भरपूरच.
४. परतला होता ना! परतल्यावर पाणी आटतं असं वाटलं.

अर्धाकप
सोमवार, रात्री ११:३१

मग तुझं उत्तर तूच दिलंस गं :)

पावाला ऊब चालते, क्रोसाँला नाही. बटर साधारण २८ अंशांना अगदी लोळागोळा होतं आणि ३२-३५ला वितळतं. दिवा लावलेल्या बंद ओटीजीत गरम पाण्यासकट ३५ सहज होतात. भट्टीत जाण्याआधीच तुझं बटर थरांतून सुटून पिठात मुरलं होतं, उरलेलं ट्रेमध्ये आलं. फुगवायला २४ ते २६ अंश, अडीच-तीन तास. त्याहून घाई करायची नाही. ट्रे हलकेच हलवलास की क्रोसाँ जेलीसारखे डुलले पाहिजेत आणि कडेने थर दिसले पाहिजेत.

ठाण्यात २५ अंश फक्त एसीच्या खोलीत मिळतील. माझ्याकडे मे महिन्यात ट्रे बेडरूममध्ये असतात आणि घरातली माणसं हॉलमध्ये.

आणि कोमट सारण म्हणजे आतूनही शेगडी लावल्यासारखंच. मधल्या थरांचं बटर तिथेच गेलं.

आत्याबाई
मंगळवार, सकाळी ६:४०

मला तुमचं ते फ्रेंच काही येत नाही, पण वाचून हसू आलं. करंजीचं सारण ओलं राहिलं की करंजी तुपात फुटते हे आपल्याकडे पोरीबाळींनाही माहीत असतं. सारण कोरडं हवं, गार हवं, आणि पोट फुटेस्तोवर भरायचं नाही. दोन मोठे चमचे भरलेस तर काय होणार?

एक शंका विचारते. चिरोट्यांना आम्ही साटा लावतो, तूप फेसून त्यात तांदळाची पिठी. पापुद्रे सुटतातच की. मग या क्रोसाँला बटरऐवजी साटा लावला तर? निदान ठाण्याच्या उकाड्यात तळं तरी साचणार नाही.

लिटमस
मंगळवार, सकाळी ९:१५

आत्याबाई, शंका अगदी मुद्द्याची आहे. पापुद्रे सुटतील, पण क्रोसाँ होणार नाही.

बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी असतं. भट्टीत त्या पाण्याची वाफ होते आणि दोन बटरथरांमधलं पीठ ती वर उचलते. शिवाय यीस्टचा वायू असतोच. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. साट्यातलं तूप-पिठी फक्त पोळीला पोळी चिकटू देत नाही, आणि चिरोटा तळणीत गेला की पिठातल्याच पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटे होतात. म्हणून चिरोटा खुसखुशीत होतो, पण आतून पावासारखा जाळीदार होत नाही.

दुसरं म्हणजे तूप रवाळ असतं. थंडीत कडक, जरा ऊब मिळाली की पातळ. क्रोसाँला लागतं ते मेणासारखं वाकणारं बटर. तेरा ते सोळा अंशांच्या दरम्यान बटरची वडी टेबलाच्या कडेवर वाकवून पाहावी. वाकली पाहिजे, तुटली नाही पाहिजे. तुटली तर लाटताना बटरचे तुकडे होतात, थर सलग राहत नाहीत.

आता सारणाबद्दल. मशरूम आणि पालक दोन्हींत ९० टक्क्यांहून जास्त पाणी. पनीरमध्येही निम्म्याच्या आसपास. परतून वरचं पाणी जातं, आतलं भट्टीत सुटतं. ते आजूबाजूच्या पिठात शिरलं की ते पीठ भाजलं जात नाही, शिजतं. मोदकाच्या पारीसारखं. तुझा 'गचगचीत' भाग म्हणजे तोच.

कल्याणलोकल
मंगळवार, सकाळी ९:४०

उकडीचा क्रोसाँ! पेटंट घ्या.

जाता जाता, क्रोसाँचा आकार चंद्रकोरीचा का, तर १६८३ साली तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा पहाटे उठलेल्या बेकरांनी भुयाराचा आवाज ऐकला, शहर वाचलं, म्हणून तुर्कांच्या झेंड्यावरची चंद्रकोर पावात आली वगैरे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

झुरिककर
मंगळवार, दुपारी १:२०

कल्याणलोकल, ती गोष्ट छान आहे, पण त्या काळचा काही पुरावा नाही. चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फेल नावाचा पाव ऑस्ट्रियात त्या वेढ्याच्या पुष्कळ आधीपासून होता. १८३०च्या दशकाच्या शेवटी ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये रिशल्यू रस्त्यावर व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तिथून तो फ्रेंचांच्या तोंडी लागला. तोही पावासारखाच होता. थरांचा, यीस्टचा आजचा क्रोसाँ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा.

आता मूळ धाग्यावर येतो, कारण याच प्रश्नावर मी इथे एक पूर्ण हिवाळा घालवलाय. स्वित्झर्लंडमध्ये हॅम भरलेले छोटे 'शिंकनगिप्फेली' कुठल्याही पार्टीत असतात. ते सारण भरूनच भाजतात. पण नीट पाहिलंत तर ते सहसा क्रोसाँच्या पिठाचे नसतात, यीस्ट नसलेल्या पफ पेस्ट्रीचे असतात. म्हणजे फुगवायला तीन तास ठेवायचा प्रश्नच नाही. फ्रीजमधून काढले, भरले, थेट भट्टीत.

आणि फ्रान्समध्ये 'क्रोसाँ ओ जाँबाँ' मिळतो तो काय असतो? भाजलेला क्रोसाँ, बहुधा आदल्या दिवशीचा, आडवा चिरतात, आत घट्ट व्हाइट सॉस, हॅम, वरून चीज किसून परत भट्टीत. ज्यांनी हा पदार्थ मोठा केला त्यांनीच आधी भाजून मग भरायचं ठरवलंय. आपण कशाला उलटे वाहायचे?

फ्रीजरवाली
मंगळवार, संध्याकाळी ७:०५

न्यू जर्सीहून हजेरी. इथे दुकानात गोठवलेले कच्चे क्रोसाँ मिळतात, रात्री ट्रेवर मांडून झोपायचं, सकाळी फुगलेले असतात. मी पाच वर्षांत एकदाही घडी घातलेली नाही आणि मला लाजही वाटत नाही. पाहुण्यांना सारण आठवतं, घड्या नाही.

ओलीचटणी, रविवारसाठी विकत आणायला काय हरकत आहे?

ओलीचटणी
मंगळवार, रात्री ९:५०

हरकत अशी की नणंद पट्कन विचारेल, 'घरी केलेस?' आणि मला खोटं बोलता येत नाही.

झुरिककर, तुमचं पटतंय. पण मनात एक आहे. कापून भरलेला क्रोसाँ म्हणजे सँडविचच नाही का? मला ते मोडल्यावर आतून सारण निघतं ना, तेच हवंय.

लिटमस
मंगळवार, रात्री १०:३०

ओलीचटणी, हौस समजली, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. रविवारी चिकन किंवा खिमा भरायचा विचार असेल तर आत्ताच सोड. शिजलेलं मांस, अंडं, पनीर, व्हाइट सॉस हे पदार्थ ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त ठेवू नयेत असा साधा नियम आहे. तुझे क्रोसाँ २५ अंशांना अडीच-तीन तास फुगणार. म्हणजे खिमाही तीन तास उबेत बसणार. नंतर भाजतो ना, असं म्हणून चालत नाही. काही जिवाणूंची विषं भाजूनही जात नाहीत. आठ माणसांचा, त्यात लहान मुलांचा बेत आहे.

भरूनच भाजायचं असेल तर सारण पाणी नसलेलं आणि सहज न नासणारं निवड.

म्हापसेकार
बुधवार, सकाळी ८:३०

मी चोरीसवाला (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोव्याचं मसालेदार सॉसेज). आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरीसच्या माळा टांगलेल्या असतात, त्यातलं सुकं चोरीस आणून प्रयोग केला होता. लोकांना वाटतं, सुकं आहे म्हणजे कोरडं. पण डुकराची चरबी भट्टीत सुटते आणि सगळा क्रोसाँ आतून लाल होतो. दिसतो झकास, लागतो तेलकट. नंतर पद्धत बदलली. चोरीस कांद्याबरोबर मंद आचेवर परतायचं, लाल चरबी निथळून वेगळी ठेवायची (ती टाकू नका, दुसऱ्या दिवशी त्यात अंडी करा), उकडलेला बटाटा कुस्करून घालायचा. बटाटा उरलेलं सगळं शोषतो. आणि भाजलेल्या क्रोसाँत भरायचं. झुरिककर म्हणतात ते बरोबर.

पण खरं सांगू? चोरीसला आमचा पाव तो पाव. क्रोसाँचं बटर आणि चोरीसची चरबी, दोन सासवा एका घरात.

आत्याबाई
बुधवार, सकाळी ९:१०

दोन सासवा! नातीला वाचून दाखवलं.

अर्धाकप
बुधवार, दुपारी १२:४५

मी भाजून भरणाऱ्यांपैकी नाही, आधीच सांगते. ऑर्डरी घेते तेव्हा निम्म्या लोकांना बंद क्रोसाँच हवा असतो, आणि तो होतो. अटी मात्र कडक आहेत. लिटमसचं ऐकून मीही मांसाचं आणि अंड्याचं सारण कधी आधी भरत नाही. आधी भरायला मला दोनच गोष्टी चालतात : प्रोसेस्ड चीज आणि कोरडी झणझणीत वस्तू. म्हणजे ठेचा.

चीज कुठलं ते महत्त्वाचं. मोझरेला पाणी सोडतं आणि वाहून जातं. आपलं साधं प्रोसेस्ड चीज, पिझ्झावाले नाक मुरडतात ते, इथे राजा आहे. ते वितळलं तरी तेल सोडत नाही. करंगळीएवढी कांडी काप, वीस ग्रॅम. ठेचा खलबत्त्यात कोरडा कुटलेला, पाण्याचा थेंब नाही, दाण्याचं कूट घातलेला, पाव चमचाच. चीजच्या कांडीला चोळून कांड्या रात्रभर फ्रीजमध्ये. फ्रीजरमध्ये नको. गोठलेली कांडी आतलं पीठ गार ठेवते, मग मधला भाग फुगत नाही.

पीठ लाटून साधारण चार-पाच मिलिमीटर जाड, त्रिकोणाचा पाया दहा-अकरा सेंटिमीटर, उंची चोवीस. कांडी पायाजवळ ठेवायची, पहिला वेढा घट्ट, पुढचे सैल. टोक बुडाखाली आलं पाहिजे, नाहीतर भट्टीत उलगडतं आणि चीज पळतं.

आणि तीन साध्या घड्या सोड. तीन घड्यांत बटरचे २७ थर होतात, ठाण्याच्या हवेत सत्ताविसाव्या थरापर्यंत बटर टिकणं म्हणजे नशीब. एक दुहेरी (चार पदरी), एक साधी घडी घाल. चार त्रिक बारा. थर कमी, पण दिसणारे. एकदा लाटणं वाचतं, म्हणजे पीठ फ्रीजबाहेर कमी वेळ राहतं. प्रत्येक घडीनंतर ४० मिनिटं फ्रीज. कडा कातणाने किंवा धारदार सुरीने कापून टाक, घडीची बाजू बंद राहिली तर तिथे थर उघडत नाहीत.

बटर खारं वापरतेस का?

ओलीचटणी
बुधवार, दुपारी ३:२०

हो, नेहमीचं पिवळं खारंच. बिनमिठाचं इथल्या दुकानात कधी असतं, कधी नसतं.

अर्धाकप
बुधवार, दुपारी ३:२६

मग पिठातलं मीठ १० चं ५ ग्रॅम कर. वर ठेचा आहेच.

कल्याणलोकल
बुधवार, दुपारी ४:००

अवांतर : एवढे कष्ट करून शेवटी ती खारीच नाही का? चहात बुडवायला खारी दहा रुपयांत मिळायची एकेकाळी. थर तेच.

अर्धाकप
बुधवार, दुपारी ४:१८

थर तेच नाहीत हो. खारीत यीस्ट नसतं, आणि बेकऱ्या बहुतेक वेळा वनस्पती किंवा बेकरीचं मार्जरीन वापरतात. त्याचा वितळणबिंदू बटरपेक्षा जास्त असतो. म्हणून उकाड्यात काम सोपं जातं आणि म्हणूनच खाताना टाळूला मेणचट लागतं. बटर जिभेवर विरघळतं. बाकी खारीची बदनामी मी करणार नाही, माझं बालपण त्यावरच गेलंय.

झुरिककर
बुधवार, रात्री ११:५५

अर्धाकप, ठेचा-चीज मान्य, हरलो. मशरूमबद्दल लिहितो, तो भाजून भरायचा. बारीक चिरून, मोठ्या कढईत, मोठ्या आचेवर, तेलाशिवाय सुरू करायचं. पाणी सुटेल, आटेल, मग कढईत चर्रर्र आवाज बदलतो. तेव्हा बटर, लसूण, मिरपूड. मीठ शेवटी. ४०० ग्रॅमचा मूठभर ऐवज होतो, घाबरू नका. बांधायला ३० ग्रॅम बटर, ३० ग्रॅम मैदा, २०० मिली दूध असा घट्ट सॉस. चमचा उलटा केला तर पडू नये इतका.

पालक आधी गरम पाण्यातून काढून, पंचात बांधून, श्रीखंडाच्या चक्क्यासारखा पिळायचा. नंतरच परतायचा.

ओलीचटणी
गुरुवार, रात्री १०:३०

मंडळी, ठरलं. सहा ठेचा-चीज भरून, आठ साधे भाजून मग चिरून, त्यात मशरूम चार, पालक-पनीर चार. वेळापत्रक असं केलंय, डोळ्यांखालून घाला :

शुक्रवारी रात्री पीठ मळून फ्रीजमध्ये. शनिवारी सकाळी बटर भरून दोन्ही घड्या, संध्याकाळी लाटून आकार, ट्रे झाकून फ्रीजमध्ये. सारणं शनिवारीच. रविवारी साडेपाचला ट्रे बाहेर, एसी २५वर. साडेआठला पहिला ट्रे, २०० अंशांवर दहा मिनिटं, मग १८० वर दहा-बारा. नऊला दुसरा, साडेनऊला तिसरा. सव्वादहाला भरून परत १८० वर आठ मिनिटं. अकराला टेबल.

अर्धाकप
गुरुवार, रात्री १०:४१

दुसरा ट्रे अर्धा तास आणि तिसरा तासभर उशिरा बाहेर काढ, नाहीतर ते वाट बघत बसतील आणि जास्त फुगून बसके होतील. बाकी झकास. अंड्याचा हात दोनदा, पण कडांच्या थरांवर लावू नकोस, चिकटतात.

आत्याबाई
शुक्रवार, सकाळी ६:५५

साडेपाचला उठणार आहेस ना? मग आधी चहा पी.

ओलीचटणी
रविवार, दुपारी ४:४८

वृत्तांत!

सात वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. खरंच. एसी बंद, मी ट्रे उचलून बाथरूमच्या गार फरशीवर ठेवले, नवरा दारात पहारा देत उभा. अर्ध्या तासाने आली. बटर वाचलं, थोडं घामेजलं होतं इतकंच.

ठेचा-चीजच्या सहांपैकी दोघांचं चीज पळालं. टोक बुडाखाली गेलं नव्हतं, चूक माझी. पण ते पळालेलं चीज ट्रेवर कुरकुरीत झालं आणि भाच्याने ते आधी संपवलं. बाकी चार आतून कोरडे, जाळीदार, मोडल्यावर चीजची तार. ट्रेमध्ये बटर होतं, पण तळं नव्हतं, डाग होते. मशरूमवाले सगळ्यांत आधी गेले, झुरिककर. पालक-पनीर ठीक. मला वाटतं, पनीर किसायला हवं होतं, कुस्करलेलं गोळा झालं.

सासूबाई म्हणाल्या, 'खारी आहे, पण जरा ओली.' कल्याणलोकल, तुम्ही त्यांच्याशी फोनवर बोललात का?

नणंदेने विचारलं, घरी केलेस? मी हो म्हटलं. तिने पाककृती मागितली. मी या धाग्याचा दुवा दिला, म्हणजे ती आता हे सगळं वाचते आहे. नमस्कार, ताई.

कल्याणलोकल
रविवार, दुपारी ५:०२

निकाल मान्य. पण फोटो?

आत्याबाई
रविवार, संध्याकाळी ६:३०

छान केलंस. कडा कापल्यास त्या पिठाचं काय केलंस? टाकलंस तर बोलणार आहे.

ओलीचटणी
रविवार, संध्याकाळी ६:५२

टाकीन कशी! शंभरेक ग्रॅम निघालं. तुकडे पुन्हा मळले नाहीत, थर मोडतात म्हणून. तसेच एकावर एक रचून वाटीच्या साच्यात घातले, वर ओवा, जिरं, जाडं मीठ. तिसऱ्या ट्रेबरोबर भाजले. पाच वाट्या झाल्या. पाहुणे यायच्या आत तीन संपल्या होत्या, आणि फोटो काढायला घेतला तेव्हा उरलेल्या दोनही नव्हत्या.